‘ड्वेल’चं कार्ड

सोसायटीच्या सेक्रेटरींचं घर समजून लिफ्ट दुरुस्त करणारा चुकून तिच्या दारात आला, त्याला आज पंचवीस दिवस झाले. त्या दिवशी बेल ऐकून ती दचकली, हातातला टेबलाचा खण निसटला आणि बाबांची कार्डं उंबऱ्यापर्यंत पसरली. काही न विचारता त्याने हत्यारांची पिशवी खाली ठेवली, गुडघे टेकले आणि एकेक कार्ड पुसून तिच्या हातात दिलं.

मग रोज चारला बेल वाजू लागली. “अजून एक दिवस लागेल बहुतेक...” एवढं बोलून तो चहा घ्यायचा आणि कार्डं अक्षरांप्रमाणे लावायचा.

आज पाच वाजता प्रकाशकाचा माणूस कार्डांची खोकी न्यायला येणार होता. इंग्रजी क्रियापदांचा कोश, बाबांची बावीस वर्षं. एकच कार्ड अडलं होतं, ‘ड्वेल’. अर्थ होता, व्युत्पत्ती होती. उपयोगाची ओळ कोरी. बाबांचा नेम कडक होता. प्रत्येक शब्दाखाली त्या अर्थाचं आपल्या भाषेतलं वाक्य, तेही मनाने रचलेलं नाही, खऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं. खाली तारीख. बाबा गेल्यापासून तिचा हात एकाही ओळीला धजला नव्हता.

पावणेपाचला बेल वाजली.

“आज उशीर?”

“सही हवी होती. कुणाही रहिवाशाची चालेल.” त्याने कागद पुढे केला. लिफ्टचं काम पूर्ण झाल्याचा. “उद्यापासून कंपनी दुसऱ्या शहरात पाठवतेय. मी हो म्हटलं तर...”

तिने कागद हातात घेतला नाही.

“लिफ्ट आज झाली?” आतून आईचा आवाज आला. “मी तर आठवडाभर तिनेच जा-ये करतेय!”

त्याचे कान लाल झाले.

“आठवडाभर?” तिने विचारलं.

“नऊ दिवस,” तो पुटपुटला.

खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. तिने कार्ड त्याच्या हातात दिलं. “हे वाचा. लवकर.”

तो अडखळत वाचू लागला. “मूळ अर्थ, वाट चुकवणे. पुढे, खोळंबवणे. मग रेंगाळणे. शेवटी... राहणे.” त्याने वर पाहिलं. “बाबांना माझी बातमी कुणी दिली?”

हसू येता येता तिचे डोळे भरले. “वाक्य हवंय. रचलेलं चालत नाही.”

“रचायचं कशाला...” बाहेर पावलं वाजली. त्याच्या हातातला कागद चुरगळला. “चुकून आलो होतो. मग मुद्दाम रेंगाळलो. आता, तुम्ही म्हणाल तर, इथेच राहायचंय.”

तिने शब्दन्‌शब्द उतरवला. ‘तुम्ही म्हणाल तर’सुद्धा. खाली आजची तारीख घातली.

दार वाजलं. कार्ड खोक्यात गेलं, खोकी गेली.

“सही?” त्याने हळूच विचारलं.

तिने तो चुरगळलेला कागद घेतला, रिकाम्या खणात ठेवला आणि खण लावला.

“उद्या या. चारला,” ती म्हणाली. “आणि कारण सांगू नका.”