यादीतली तीन नंबरची खाणावळ

पंखा बंद करा रे जरा, त्या खडखडाटात गोष्ट सांगता येत नाही. आणि मध्येच कुणी ‘भुतंबितं आपण मानत नाही’ असं म्हणायचं नाही. ज्याच्या तोंडून मी हे ऐकलं, तोही मानत नव्हता. त्याचा विश्वास फक्त जुन्या फायलींवर.

आमच्या माहिती कार्यालयात तो हेडक्लार्क होता. सगळे त्याला ‘जैसे थे’ म्हणत. शहरापासून थोडं दूर एक लहानसं गाव आहे. तिथे मोठं प्रशिक्षण केंद्र असल्यामुळे बाहेरची माणसं सारखी येतात. त्यांच्यासाठी ऑफिस दरवर्षी एक पत्रक काढायचं : कुठे उतराल, कुठे जेवाल. नियम असा, की दरवर्षी प्रत्येक जागा स्वतः जाऊन पाहायची. हा गृहस्थ मागच्या पत्रकावरचं साल खोडायचा, नवं घालायचा आणि चहाला जायचा. अशी नऊ वर्षं. आणि एकही तक्रार नाही! ऑफिसात तक्रार नसणं म्हणजे काम चोख झाल्याचा दाखलाच.

बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात तो आणि लेक, दोघंच. लेकीला त्याच केंद्रात नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं, बुधवारी सकाळी आठला. तिकडची पहिली एसटी साडेआठला पोचायची, म्हणून आदल्या दिवशी जाऊन राहणं भाग होतं. बापाने ऐटीत पत्रक पुढे केलं.

“तीन नंबर बघ. मावशींची खाणावळ, शाळेच्या मागे. राहायला खोली, जेवण घरगुती.”

“तुम्ही जेवलायत तिथे?”

“अगं, मीच लिहिलंय ते!”

“म्हणूनच विचारतेय.”

नोव्हेंबरची बारा तारीख, मंगळवार. रात्री पावणेनऊला तिचा फोन आला.

“पोचले बाबा. मावशी फार बोलत नाहीत, पण वाढतात अगदी भरभरून. इथे वीज गेलीय, मेणबत्तीच्या उजेडात जेवतेय.”

बापाने निश्चिंत मनाने टीव्ही लावला. सव्वानऊला पुन्हा फोन. ऑफिसात नव्याने आलेल्या मॅडम. बिचाऱ्या नियम वाचून कामाला लागणाऱ्यांपैकी. त्या दिवशी खरोखरच गावात जाऊन आल्या होत्या.

“सर, उद्या पत्रक छापायला जायचंय म्हणून आत्ताच विचारते. तीन नंबर काढून टाकू ना?”

“का हो?”

“तिथे कुणीच नाही. दाराला गंजलेलं कुलूप आहे. शेजारी म्हणाले, मावशी जाऊन आठ वर्षं झाली.”

त्याने लेकीला फोन लावला. रिंग वाजत राहिली.

मग स्कूटर काढली. अठरा किलोमीटर. वाटभर डोक्यात एकच फिरत होतं. एकही तक्रार नाही. आठ वर्षं आपण माणसं पाठवली, आणि एकानेही... परत येऊन... काही म्हटलं नाही.

दहा वाजून दहा मिनिटांनी तो शाळेमागच्या बोळात शिरला. वीज गेलेली नव्हती. सगळ्या घरांत दिवे होते. शेवटच्या घरात नव्हता.

दाराला कुलूप. बाहेरून. त्याच्या बोटांना गंज लागला.

“चिमे...”

“बाबा?” आवाज आतून आला. पण लांबून. त्या घराची लांबी नव्हती, इतक्या लांबून. “या ना. मावशी म्हणाल्याच, तुम्ही याल म्हणून.”

“बाहेर ये.”

“ताटातलं संपतच नाहीये. संपवलं की वाढतात.”

“ऊठ. तशीच ऊठ!”

आत पळी पातेल्याला घासली. एकदा. पुन्हा एकदा.

मग काहीच नाही...

“बाबा... मावशी विचारतायत. माणसं पाठवत राहाल ना?”

त्याने कुलूप हिसडून पाहिलं.

पळी घासली.

“बाबा, हो म्हणा ना...” आता ती रडत होती.

“हो,” तो म्हणाला. “पाठवीन. पाठवीन.”

मागून कुणीतरी त्याची बाही धरली. वळायचा धीर होईना. वळला.

लेक. बोळात उभी. अनवाणी.

कुलूप तसंच होतं.

घरी पोचायला बारा वाजले. लेक तशीच आडवी झाली. तो मात्र दिवा लावून बसला. शब्द तर दिलाय. पण म्हणून दुसऱ्याची पोरगी तिथे धाडायची? कोणत्या तोंडाने? शेवटी त्याने पत्रक काढलं आणि तीन नंबरवर लाल रेघ मारली. इतक्या वर्षांच्या नोकरीतली ही त्याची पहिली दुरुस्ती. मॅडमना निरोप पाठवला : काढून टाका. आणि झोपला.

पहाटे साडेपाचला फोडणीच्या वासाने जाग आली. त्याला वाटलं, आठची मुलाखत गाठायची म्हणून पोरगी उठली असेल.

तिच्या खोलीत डोकावला. गाढ झोपलेली.

स्वयंपाकघरात गेला. शेगडीला हात लावला. थंडगार.

टेबलावर दोन ताटं. झाकलेली.

त्याने एक झाकण उचललं...

वाफ आली.