पुढची दोन चाकं

टण्!

घर अगदी शांत होतं. माझी लेक आयपेरी झोपली असं समजून मी वही उघडली, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून चहाच्या वाटीत काहीतरी पडल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर बाईसाहेब सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या. पुढ्यात माझा जुना पत्र्याचा डबा, आणि त्यातले नट एकेक करून वाटीत टाकणं चाललेलं.

हा आवाज ऐकला की अजूनही माझे कान तापतात.

आठ वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये मी असेच नट चहाच्या वाट्यांत निवडून ठेवायचे. बाबा घोड्यावरून पडले होते, पाय प्लास्टरमध्ये. जुनी उआझ जीप अंगणात विटांवर उभी, आणि जूनमध्ये तंबू, भांडी, सगळा संसार घेऊन वरच्या कुरणांवर जायचं होतं. बाबा खिडकीतून ओरडून सांगायचे, मी गाडीखाली पडून करायचे. एकदा मी जीपखालूनच हात बाहेर काढून म्हणाले,

"आई, सतराचा पाना दे गं."

पाना हातात आला.

"हा चौदाचा आहे! चष्मा लाव की."

दुसरा आला. तो बरोबर होता. सहज मान वळवून बघते तर आईच्या पायांत चिखलानं भरलेले भलेमोठे बूट!

"आई...?"

"नाही," बूट म्हणाले. "पण चष्म्याचं बघतो."

बाहेर आले तेव्हा माझ्या गालाला ग्रीस, वेणीत वाळलेलं गवत. समोर कुबात. बिश्केकच्या गॅरेजमध्ये चार वर्षं काढून नुकताच गावी परतलेला. त्याची घोडी सुटली होती, ती शोधत आला होता. घोडी आमच्याच गंजीपाशी चरत होती. तो तिला घेऊन गेला... दुसऱ्या दिवशी ती परत आली. तिसऱ्या दिवशीही.

"तुझ्या घोडीला आमचंच गवत बरं आवडतं, कुबातदादा."

"दादा नको म्हणूस."

"का रे?"

"पुढे पंचाईत होईल."

तो स्वतः काही करायचा नाही, शिकवायचा. हात माझे, डोळे त्याचे. ब्रेक झाले. गाडी दगडांवरून जावी म्हणून चार बोटं उंच केली. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक कुलूप असतं, ते आधी पान्यानं फिरवावं लागायचं. त्या जागी हातानं फिरणाऱ्या कळा बसवल्या.

"नदी दिसली की थांबायचं," तो म्हणाला. "खाली उतरायचं, दोन्ही कळा फिरवायच्या, मगच आतली दांडी ओढायची. नाहीतर पुढची चाकं पाहुण्यांसारखी नुसती सोबत येतात. जोर लावत नाहीत."

त्यानं माझ्या बोटांवर बोटं ठेवून कळ फिरवली. खट्.

"ऐकलंस?"

"ऐकलं," मी म्हणाले. मी भलतंच काहीतरी ऐकत होते.

बाबांची मात्र एक अट होती. "चालव तू. पण एकदा जरी अडकवलीस ना, गाडी विकून टाकीन. पोरीच्या हातात दिली आणि बुडवली, असं नको ऐकायला मला."

जूनच्या त्या सकाळी नदीपाशी पोचलो तेव्हा थोडा उशीरच झाला होता. बर्फ वितळून पाणी चढू लागलेलं. माझ्या अंगात डाळिंबी मखमलीचं जाकीट, सोनेरी नक्षीचं... कुणासाठी घातलं होतं, ते मला पक्कं ठाऊक होतं. तो घोड्यावर काठाशी उभा राहून माझ्याकडेच बघत होता. त्याची आई माझ्या मागे गाडीत, बाबा शेजारी. आणि काठावर घोटाभर चिखल.

मला कळा आठवल्या होत्या. विसरले असते तर एवढं लागलं नसतं. आठवल्या, आणि मी चिखलाकडे पाहिलं, जाकिटाकडे पाहिलं, आणि... उतरले नाही. म्हटलं, पाणी गुडघाभर तर आहे. निघून जाईल.

नदीच्या मधोमध मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. कुबातची आई किंचाळली. पाणी दाराच्या फटीतून आत आलं.

"दांडी ओढ!" बाबा ओरडले.

"ओढलीय, बाबा!"

खोटं नव्हतं ते. म्हणूनच जास्त खोटं होतं.

कुबातनं घोडा सोडला आणि त्या बर्फाळ पाण्यात कमरेपर्यंत उतरला. पुढच्या चाकापाशी वाकून त्यानं पाण्यात हात घातला. तसाच थांबला. मान वर करून काचेतून एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग कळ फिरवली. वळसा घालून पलीकडे गेला, दुसरी फिरवली.

"हं, घे पुढे."

गाडी सरसर काठावर चढली.

"काय झालं होतं?" बाबांनी विचारलं.

मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. पण बाहेरून कुबातच बोलला. ओठ निळे पडलेले, बाह्यांतून पाणी ठिबकतंय. "चूक माझी, काका. कळा मीच नीट बसवल्या नव्हत्या."

"हीच का तुमची शहरातली कामं? तुझी स्वतःची आई होती रे आत! आजपासून माझ्या गाडीला हात लावायचा नाही."

त्याच्या आईनं मान खाली घातली. मी स्टिअरिंग धरून गप्प बसले. जाकिटावर शिंतोडासुद्धा उडाला नव्हता.

तीन दिवस मला जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी कुमीसची, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, बाटली घेऊन झऱ्यावर गेले. तो खोगिराचा पट्टा शिवत बसला होता.

"कळा फिरवलेल्याच नव्हत्या," मी म्हणाले.

"माहितीय. मीच फिरवल्या ना."

"मी विसरले नव्हते."

त्याचा दाभण थांबला. हे मात्र त्याला माहीत नव्हतं.

"मग?"

"चिखल होता. आणि जाकीट... आणि तू बघत होतास." माझी मान काही वर होईना.

वाटलं, आता उठेल आणि निघून जाईल. मग तिरकं बघितलं, तर त्याचे कान लाल झालेले.

"म्हणजे माझ्यामुळेच झालं की. मग काकांना मी सांगितलं ते खरंच होतं."

"चेष्टा नको रे..."

"चेष्टा नाही. छान दिसत होतीस."

मला रडू फुटलं. "का घेतलंस अंगावर?"

"तुझ्याकडून गाडी गेली असती." त्यानं दाभण पुन्हा कातड्यात खुपसला. "सांगायचं की नाही, ते तुझं तू बघ, मेरीम. मी नाही सांगणार. फक्त एक... आता तरी दादा म्हणणार नाहीस ना?"

"नाही," मी म्हणाले. एवढंच म्हणता आलं.

त्याच शरदात आमचं लग्न झालं. म्हटलं, लग्न पार पडू दे, मग बाबांना सांगू. मग म्हटलं, बाळ होऊ दे. बाबा दर मेजवानीत तोच विनोद करतात, "जावयाला पोरगी दिली, गाडी नाही!" सगळे हसतात. सगळ्यांत आधी कुबात हसतो. खोऱ्यातल्या निम्म्या गाड्या दुरुस्तीला आमच्या अंगणात येतात. ती एक सोडून.

आज ती आलीय. म्हणजे आमच्या फाटकापाशी येऊन बंद पडलीय. मी लिहीत होते तेवढ्यात हॉर्न ऐकू आला. बाबा, अडुसष्ट वर्षांचे, त्या मोडक्या पायानं कण्हत स्वतःच गाडीखाली शिरले. मी आणि आयपेरी खिडकीत जाऊन उभ्या राहिलो. गाडीखालून हात बाहेर आला.

"सतराचा पाना द्या कुणीतरी."

कुबातनं पुढे केला. बाबांनी मान वळवली, बूट पाहिले, आणि हात मागे घेतला.

"तू नको. मेरीमला पाठव."

कुबात पाना तसाच धरून उभा राहिला. त्यानं खिडकीकडे पाहिलं नाही. आठ वर्षांत एकदाही त्यानं अशा वेळी माझ्याकडे पाहिलेलं नाही.

आयपेरीनं मुठीतला नट माझ्या हातात ठेवला, आणि माझी ओढणी ओढली.

"आई, आजोबा बाबांच्या हातून पानासुद्धा का घेत नाहीत? बाबांनी काय केलं होतं?"