चंद्रावरची पानफुटी

या बाळांनो, जवळ सरकून बसा. हातातले टाळ घटकाभर मांडीवर ठेवा. आज एका दमलेल्या रोपाची गोष्ट ऐकायची आहे, आणि ती थेट चंद्रावरची!

तिथल्या वसाहतीत कृत्तिका आपल्या आबांजवळ राहायची. आबा हरितगृहातले शास्त्रज्ञ. घरात रोप मात्र एकच, पानफुटीचं. यमूआजीनं पृथ्वीवरून येताना उराशी धरून आणलेलं. आता आजी नव्हती. पृथ्वीवर आजी रोज तुळशीला तांब्याभर पाणी घालून भजन म्हणायची, हे कृत्तिकेनं तिच्याच तोंडून ऐकलेलं. चंद्रावर तुळस कुठली? म्हणून आजी गेल्यापासून कृत्तिका पानफुटीलाच रोज तांब्याभर पाणी घाली. तरी रोप मलूल होत चाललं होतं.

त्या संध्याकाळी आबा कामावरून आले ते खुर्चीत कोसळलेच. बूट काढायचंही त्राण नव्हतं.

"आबा, इतकं पाणी देते, तरी पानं का गळतात? आज तर दोन तांबे घातले!"

"दोन? अगं, पोहायला शिकवतेस का त्याला?"

कण्हत उठून आबांनी कुंडी उपडी केली. मुळं काळी, लिबलिबीत झाली होती.

"हे बघ, पानफुटी मांसल वनस्पती (जाड पानांत पाणी साठवणारी). तिची शिदोरी तिच्यापाशीच असते. मुळांना हवाही लागते, ती मातीच्या कणांमधल्या फटींतून मिळते. पृथ्वीवर जास्तीचं पाणी भोकातून निघून जातं. इथे गुरुत्वाकर्षण (खाली खेचणारी ओढ) सहाव्या हिश्शाचं. पाणी फटींतच अडकून राहतं आणि मुळं गुदमरतात."

"म्हणजे मीच मारलं?" कृत्तिकेनं एक काळं मूळ उचललं. "आजीचं एवढंच उरलं होतं, आबा."

आबांनी उरलेली पानं एकेक करून चाचपली.

"माया केलीस, पोरी. त्याला विसावा हवा होता, हे तुला कुणी सांगितलंच नाही. खोड गेलं. पण ही दोन पानं टणक आहेत. कडेच्या खाचा बघ. त्यांत डोळे (कोंब फुटण्याच्या जागा) असतात. पान झाडावर असेतो ते बहुधा झोपलेले. पान सुटलं की जागे होतात आणि पानातल्याच पाण्यावर वाढतात."

त्यांनी ती पानं कोरड्या, भरड खडीवर आडवी ठेवली.

"आता पाणी?"

"मुळं दिसेपर्यंत नाही."

"चमचाभर?"

"थेंबही नाही."

"मग सकाळी मी करू काय?"

"भजन म्हण. त्यानं मुळं कुजत नाहीत."

रोज सकाळी कृत्तिकेचा हात तांब्याकडे जाई आणि ती तो मागे घेई. भजन म्हणताना आवाज चिरके. आबा खुर्चीतच पेंगत टाळ्यांनी ठेका धरत, मध्येच ताल चुके. पानं सुरकुतत चालली. कृत्तिकेनं आशा जवळजवळ सोडलीच होती.

आणि एके सकाळी खाचांमध्ये नखाएवढी रोपं उभी! प्रत्येकाला दोन पानं, खाली दोऱ्यासारखी मुळं.

"आबा, उठा!"

दोघांनी मोठ्या भोकांच्या कुंड्यांत भरड खडी आणि थोडी माती भरली, एकेक रोप अलगद लावलं. कृत्तिकेनं घोटभर पाणी घातलं आणि पुढचं पाणी खडी पुरती सुकल्यावरच. मग शेजारच्या घराघरांत एकेक कुंडी पोचली. खिडकीतून निळी पृथ्वी दिसत होती. आबा म्हणाले, "पुढे मंगळावर घरं होतील ना, तिकडे एक पान खिशातून नेलं तरी पुरेल." आणि बूट काढून ते शांत झोपले.

तेव्हा बाळांनो, कुठे पानफुटीचं पान दिसलं, तर एवढं करा. उराशी रोप धरून चंद्रावर गेलेल्या त्या यमूआजीची क्षणभर आठवण काढा.