जायफळवालीची परत आलेली मेल

वाऱ्यामुळे दिघीची फेरीबोट थांबवलेली. आगरदांड्याच्या जेट्टीवर, पत्र्याच्या आडोशाला आश्लेषा फोनवर अगदी रडकुंडीला आली होती.

"अहो मॅडम, खरंच पाठवलंय दरपत्रक… तुमच्याकडूनच मेल परत येतेय!"

पुण्याच्या मसाला कंपनीतल्या बाईंनी शांतपणे सांगितलं – व्हॉट्सॲप चालणार नाही. शुक्रवारपर्यंत ऑफिसच्या मेलवर आलं नाही, तर जायफळ दुसरीकडून घेऊ.

फोन ठेवला गेला. मुरुडच्या जायफळ-सुपारीच्या आगराचा कारभार अण्णांनी यंदाच लेकीवर सोपवला होता, आणि पहिलंच मोठं गिऱ्हाईक हातचं जात होतं.

"परत आलेल्या मेलमध्ये काय लिहिलंय?"

तिनं वळून पाहिलं. मागे एक तरुण उभा – भिजलेले केस, कुशीत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला लॅपटॉप, आणि कमालीचे शांत डोळे.

"लोकांचे फोन चोरून ऐकता?"

"चोरून कसलं… पलीकडे दिघीलासुद्धा ऐकू गेलं असेल."

हसू दाबत तिनं मोबाइल पुढे केला. त्याचं नाव सलिल. खाडीपलीकडे बोर्लीला घरी बसून कंपन्यांच्या मेलची कामं बघायचा. जो मजकूर तिनं अगम्य इंग्रजी म्हणून सोडून दिला होता, तो त्यानं अक्षर न् अक्षर वाचला.

"मेल हल्ली कुठून जाते तुमची?"

"दादानं वेबसाइट नव्या कंपनीकडे नेली. मेलही तिकडूनच जाते."

"मग बरोबर. तुमच्या नावानं मेल पाठवायची परवानगी कुणाला, याची तुमच्या डोमेनवर, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यावर, एक नोंद असते. तिथं अजून जुनीच कंपनी असणार. समोरच्याला वाटतं, तुमचं नाव सांगून भलतंच कुणी आलंय."

"म्हणजे मी तोतया?"

"दिसायला तरी… नाही," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

तेवढ्यात बोटीचा भोंगा वाजला. आश्लेषा नुसती रोपं बोटीवर चढवून द्यायला आली होती. जायचं होतं त्याला. बोटीवर पाय टाकता टाकता त्यानं नंबर सांगितला.

संध्याकाळी त्यानं फोनवरून सांगितलं, "नव्या कंपनीची नोंद टाका." तिनं टाकली. सकाळी बघते तर काय – कालपर्यंत निदान नर्सरीवाल्यांना पोचणारी मेलसुद्धा परत! तिनं त्याला फोन करून चांगलंच फैलावर घेतलं. "थांबा," एवढंच तो म्हणाला.

दुपारी तो दारात उभा. गुडघ्यापर्यंत चिखल.

"चूक माझी. 'आधीच्याच नोंदीत टाका' असं सांगायला हवं होतं, मी नुसतं 'टाका' म्हणालो. आता नोंदी दोन झाल्यात. अशी नोंद एकच लागते. दोन दिसल्या की समोरचा एकही मानत नाही."

"हे फोनवरही सांगता आलं असतं."

"आलं असतं… पण फोनवरच तर चुकलो होतो ना."

दादा, वेबसाइटवाले, सगळ्यांनी आजवर 'तुझंच काहीतरी चुकलं असेल' म्हणून हात झटकले होते. आणि हा माणूस खाडी ओलांडून 'माझं चुकलं' सांगायला आला होता!

त्यानं कीबोर्डला हात लावला नाही. तिलाच बसवलं. दोन नोंदींची एक कशी करायची, मेल खरी असल्याची खूण म्हणून प्रत्येक मेलवर आपोआप उमटणारी छुपी सही कशी सुरू करायची – ती चुकली की तो थांबायचा. तिचं तिला सापडेपर्यंत बोलायचा नाही.

"बदल सगळीकडे पोचायला जरा वेळ लागेल," तो म्हणाला.

"मग चला, आगर दाखवते."

सुपारीच्या पानांवरून थेंब ओघळत होते. तिनं उकललेलं एक फळ त्याच्या तळहातावर ठेवलं. पिवळट सालीच्या आत काळंभोर जायफळ, त्याला बिलगलेली लालभडक जायपत्री… तो वासही घ्यायचा विसरला.

"इतकं सुंदर असतं हे? मी आपला श्रीखंडातच ओळखतो."

"सगळं आतून बघायची सवय नसते लोकांना," ती म्हणाली, आणि दोघंही उगीचच दुसरीकडे बघू लागली.

संध्याकाळी मेल गेली. परत आली नाही. गुरुवारी पुण्याहून होकार आला.

"चांगला शिकवतो हो मुलगा," अण्णा म्हणाले. "समोरच्याला कमी न लेखता."

पण त्यानंतर सलिलचा ना फोन, ना निरोप. सगळं सुरळीत चाललं होतं… आणि आश्लेषाला काही सुचत नव्हतं. शेवटी एका सकाळी तिनं खाडी ओलांडली, बोर्लीची एसटी धरली आणि विचारत विचारत त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

सलिल अनवाणीच धावत बाहेर आला. "काय झालं? पुन्हा बिघडलं?"

"नाही. सगळं छान चाललंय."

"मग…?"

"बिघडलं की तुम्ही येता. छान चाललं असताना कुणी कुणाकडे जायचं, ते ठरलंच नव्हतं. म्हटलं, आपणच जावं." ती थेट त्याच्याकडे बघत म्हणाली, "मला तुम्ही आवडता, सलिल. कामाशिवायसुद्धा."

पाऊस भुरभुरत होता.

"मी रोज फोन हातात घेतो," तो हळूच म्हणाला. "पण काम तर संपलं होतं… मग कोणत्या तोंडानं फोन करू? आत या ना, भिजाल."

"आत ये म्हण," ती म्हणाली.

त्यानं हात पुढे केला.

"ये."