सुका बर्फ नेतो कोण?

तिला आधी दिसला तो नुसता हात. कचऱ्याची बादली घेऊन ती दुकानामागच्या बोळात गेली, तर मागच्या खोलीच्या खिडकीवर कुणाचा तरी हात होता. तिची चाहूल लागताच तो झटकन खाली आला.

"काय हवंय?"

"काही नाही... सहज."

सकाळी सुका बर्फ देऊन गेलेला तोच हा. त्याचे कान लाल झाले होते, आणि चोराचे कान असेच होत असणार, अशी तिची खात्री पटली.

आइस्क्रीमचं हे दुकान ती आणि तिची आत्या चालवत. बाहेरगावच्या मागण्या येऊ लागल्या, आणि वाटेत आइस्क्रीम वितळू नये म्हणून तिने नुकताच सुका बर्फ मागवायला सुरुवात केली होती. कारखान्यातून हा माणूस गाडी घेऊन यायचा आणि पांढऱ्या लाद्या मागच्या खोलीतल्या थर्माकोलच्या पेटीत रचून जायचा. ती वजन बघून सही करायची. तो काही बोलायला तोंड उघडायचा, तोवर ती गिऱ्हाइकाकडे वळलेली असायची.

पण संध्याकाळी पेटी उघडली की लाद्या बारीक झालेल्या. साधा बर्फ वितळला तर पाणी तरी दिसतं. इथे पेटी कोरडी ठणठणीत, जमिनीवर थेंब नाही. शिवाय कडी मोडलेली ती खिडकी, तिने स्वतः ओढून घेतलेली, रोज संध्याकाळी उघडी सापडायची. आणखी काय पुरावा हवा होता?

आत्याला सांगितलं, तर आत्या गालात हसली. "मुलगा चांगला आहे," एवढंच म्हणाली. दोन दिवसांपूर्वी आत्या आणि तो दारात कुजबुजताना दिसले होते. म्हणजे घरचंच माणूस फितूर! तिने मग आत्यालाही काही सांगायचं नाही असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तो माल ठेवून गेल्यावर तिने खिडकी लावली. पेटी नीट दिसावी म्हणून झाकण काढून ठेवलं, दार आतून ओढून घेतलं आणि साखरेच्या पोत्यांमागे जमिनीवर दबा धरून बसली. पेटीच्या काठावरून पांढरा धूर हळूहळू खाली उतरत होता. छान दिसत होता. दुपार होत आली तसं तिचं डोकं जड झालं. धाप लागायला लागली. रागाने होत असेल, असं तिला वाटलं.

मग खिडकी हलली. तोच हात!

सापडला, असं मनात म्हणत ती उठायला गेली... आणि पायांनी तिला उचललंच नाही. पोत्याला धरत ती खाली घसरली. पुढचं तिला तुटक आठवतं. खिडकीतून आत पडलेली उडी, धाडकन उघडलेलं दार, आणि खांद्याखाली घातलेले दोन हात.

शुद्ध नीट आली तेव्हा ती बोळातल्या पायरीवर होती. समोर तो उकिडवा बसलेला, पांढराफटक. आत्या पाणी घेऊन धावत आली होती.

"दार-खिडकी लावून, झाकण काढून आत बसलात?" तो ओरडलाच. "मेला असतात."

मग त्याने सांगितलं. साध्या बर्फातले कण ऊब लागली की थोडे सैल होतात, पाणी होऊन वाहतात. सुक्या बर्फाचे कण पाणी व्हायला थांबतच नाहीत. एकमेकांचा हात सोडतात ते थेट वायू होऊन खोलीभर पसरतात. दिसतो तो धूर म्हणजे हवेतलीच गार पडलेली वाफ; हा वायू दिसत नाही, हवेपेक्षा जड, म्हणून खाली साचतो. वाट मिळाली नाही तर माणूस गुदमरतो. खिडकी त्यासाठी उघडी हवी.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कुठे बोलू देता? आत्यांना सांगितलं होतं."

तिने आत्याकडे पाहिलं. आत्या ओशाळली. तो बोलत होता तेव्हा तिचं लक्ष त्याच्या बोलण्यात नव्हतं म्हणे. याला आईवडील असतील का, भाचीला हा शोभेल का, असलंच काही ती ताडत होती. वर तिनेच त्याला म्हटलं होतं, खिडकीचं तूच बघत जा. आता मात्र तिचे डोळे भरून आले. भाचीच्या डोक्यावरून हात फिरवून ती आत गेली.

चोर नव्हता तर. तिला हायसं वाटलं, आणि लगेच एक नवी शंका आली.

"एक मिनिट. तुमचा कारखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे ना?"

"हो."

"मग रोज दुपारी एवढ्या लांबून... नुसत्या खिडकीसाठी?"

तो बोटांनी पायरीवरची धूळ सारखी करत राहिला. "फोन करूनही सांगता आलं असतं," तो अखेर म्हणाला. "पण खिडकी बंद दिसली की मला बरं वाटायचं. थांबायला कारण मिळायचं. ती उघडून मी जरा पुढच्या बाजूला यायचो... तुम्ही काउंटरवर दिसायचात. मग जायचो. आज मात्र त्याची लाज वाटली."

तिने उरलेलं पाणी पिऊन टाकलं. श्वास अजून पुरता बसला नव्हता. की तो आता दुसऱ्याच कारणाने चढला होता, कोण जाणे.

"उद्या खिडकी उघडीच असेल," ती म्हणाली.

त्याने मान खाली घातली. "बरं."

"तरी ये तू. पुढच्या दाराने ये."