बगिच्यातली पाळ

"हौद फाटकाजवळच राहू देजो, बाई. आतमंदी नोको नेजो. कोनी किती बी सांगो."

देवचंदभाऊंचं हे वाक्य मला अजून त्यांच्याच आवाजात ऐकू येतं. ते तेव्हा खाटेवर पडून होते आणि मी त्यांच्यासाठी पपई चिरून नेली होती. का, असं मी विचारलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी 'हो जी' म्हटलं आणि वाटी ठेवून परतले. त्या पावसाळ्यात ते गेले.

आमचं गाव अर्जुनीच्या अलीकडे आहे. आभाळ मोकळं असलं की आमच्याकडच्या प्रतापगडाचा डोंगर घराच्या गच्चीवरून दिसतो. गावाच्या टोकाला देवचंदभाऊंनी घरांसाठी पाडलेला लेआउट आहे. त्यातली पाऊण एकर मोकळी जागा जाळी मारून आम्ही कुत्र्यांसाठी ठेवली. रस्त्यावरची, नसबंदी झालेली, कोणाचीच नसलेली एकोणीस कुत्री तिथे राहतात. सकाळ-संध्याकाळ त्यांना दोरीने बांधून कॉलनीतून फिरवून आणायचं, भात घालायचा, हौद भरायचा. लोक त्याला कुत्र्यांचा बगीचा म्हणतात. बगीचा कसला, मधे आम्ही लावलेलं एक करंजीचं झाड, बाकी गवत.

मी दत्ताची उपासक. स्नान, तुळशीला पाणी, एक माळ जप, मग बगिच्यातल्या कुत्र्यांना घास, आणि त्यानंतरच माझ्या तोंडात अन्न. सहा वर्षं हा नेम चुकला नाही. त्यामुळे काम माझ्याकडेच येत गेलं. गटात आम्ही अकरा जण आहोत, म्हणजे मोबाईलवर अकरा. फुलांच्या चित्रांसकट शुभ सकाळ अकराही जण करतात. खराटा हातात घेणारे तीन: मी, शाळेत शिकवणारी दुर्गेश्वरी आणि कृषी केंद्र चालवणारा उमेंद्र. उमेंद्र माझ्या यजमानांचा जुना मित्र, अंगाने दणकट, तोंडाने त्याहून. माझ्या नेमाची थट्टा तो रोज करायचा, पण भाताचं पातेलंही रोज तोच उचलायचा.

यंदा एप्रिलमध्येच ऊन असं तापलं की फाटकाजवळच्या सिमेंटच्या हौदातलं पाणी दुपारी हाताला सोसेना. हौद करंजीच्या सावलीत न्यावा असं उमेंद्र बैठकीत म्हणाला. मी सांगितलं, देवचंदभाऊ नको म्हणाले होते. कोणी ऐकलं नाही. पुन्हा सांगितलं. तेव्हा दुर्गेश्वरी दुसऱ्याच विषयावर गेली होती. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा उमेंद्रने माझ्याकडे मान वळवली.

"वहिनी, पाण्याची चाय होऊन राहिली तिथं. कुत्र्यायले चाय पाजता काय?"

सगळे हसले. माझा आवाज लहानपणापासून हळू आहे. मोठ्याने बोललं की मलाच पाप केल्यासारखं वाटतं. मी गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याचा राग घरी येऊन भांड्यांवर काढला.

दुसऱ्या दिवशी बांबूंवर ढकलत चार माणसांनी हौद झाडाखाली नेला. मी तो भरला.

पहिले तीन दिवस हौदातलं पाणी बोटभरही कमी झालं नाही. एकोणीस कुत्री, चव्वेचाळीस अंश ऊन. मला वाटलं, दुर्गेश्वरी मला न सांगता वरून भरत असेल. तिला वाटलं, मी भरते. दोघीही भरत नव्हतो. कुत्री मात्र टवटवीत होती, जिभा ओल्या, नाकं थंड.

चौथ्या दिवशी जप आटोपून मी बगिच्यात गेले तेव्हा कुत्री बसलेली होती. एरवी फाटक वाजलं की अंगावर येतात. त्या दिवशी एकही उठलं नाही. जाळीच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, धनुष्यासारख्या वाकलेल्या एका ओळीत, ती हारीने बसली होती. तोंडं सगळ्यांची आत, करंजीकडे. हौदाकडे बघतात म्हणावं तर नजर झाडाच्या अलीकडेच, जमिनीवर ठरलेली. मी भात वाढला. ती आली, जेवली आणि आपापल्या जागी जाऊन बसली. जागा कोणाची बदलली नाही.

उमेंद्रला दाखवलं तर तो म्हणाला, "लाइन लावून राहिले. राशन भेटते म्हणून सांगितलं असन कोणी."

आठवड्याने पोटं ओली दिसू लागली. पाय, पोट, शेपटीचं टोक. हौद तसाच काठोकाठ. जमिनीला हात लावला तर तवा. फिरवायला नेलं की कुत्री लोकांच्या ओसरीवर पावलं उमटवत जायची, चिखलाची, काळ्या गाळाची. त्या गाळाचा वास मला ओळखीचा होता. आमच्या माहेरी तलाव आटत आला की मासे धरायला लोक उतरत, तेव्हा गावभर तोच वास यायचा.

तक्रारी सुरू झाल्या. गटावर भांडण झालं. कुत्र्यांना इटियाडोह धरणाच्या नहरात कोण नेऊन राहिलं, असं दुर्गेश्वरीने विचारलं, आणि मग सगळ्यांनी सगळ्यांवर संशय घेतला. जे कधी आले नव्हते त्यांनी जास्त घेतला. मी सगळ्यांना समजावत बसले. कोणाला समजलं असं वाटलं नाही.

भुरी नावाची एक म्हातारी कुत्री आहे. तिचं अंग पुसताना तिच्या पट्ट्यात अडकलेलं एक पान मला सापडलं. तिकोनी, कातरलेल्या कडांचं, फुगीर देठाचं. शिंगाड्याचं पान. ताजं होतं. नहरात शिंगाडा होत नाही, त्याला उभं पाणी लागतं. आमच्या आसपासच्या सगळ्या तलावांत त्या दिवसांत नुसती भेगाळलेली माती होती. ते पान मी पदराच्या गाठीत बांधलं आणि कोणाला दाखवलं नाही. दाखवून काय झालं असतं? उमेंद्रने आणखी एक विनोद केला असता.

सोमवारी भुरी नव्हती.

फाटकाला कुलूप होतं. जाळी मी हाताने चाचपत सगळी फिरले, मांजर जाईल एवढीही फट नव्हती. ओळीत मधोमध, भुरीच्या जागी, रिकामी जागा होती. दोन्ही बाजूंच्या कुत्र्यांनी ती भरून काढली नव्हती.

कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष ईश्वरदास यांना या जागेवर कधीपासून सभामंडप हवा आहे. ते त्याच संध्याकाळी आले आणि नम्रपणे बोलले. एक जरी कुत्रं मोकळं सुटलं तर बगीचा बंद, असं आपलं ठरलं होतं, ताई. गुरुवारी समिती येईल, मोजेल. एकोणीस भरली तर ठीक. नाहीतर गाडी बोलावून सगळी जंगलाकडे सोडून देऊ.

मी भुरी मिळेपर्यंत अन्न सोडलं. यजमान चिडले. उपास करून कुत्री येतात काय, असं त्यांनी विचारलं. माझ्याकडे फक्त नेम होता.

मंगळवारी मी पुष्पाबाईंकडे गेले. देवचंदभाऊंच्या पत्नी. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती आणि त्या काडीकचरा निवडत होत्या. हे कोहळी लोक, पिढ्यान् पिढ्या तलाव बांधणारे. मी सगळं सांगितलं, कुत्र्यांची ओळसुद्धा जमिनीवर बोटाने काढून दाखवली. त्यांनी ते वाकडं चित्र बराच वेळ पाहिलं.

"हे तं पार होय," त्या म्हणाल्या. पार म्हणजे तलावाची पाळ, आणि लहान तलाव म्हणजे बोडी. "बोडी होती तिथं. यायच्या आज्यानं बांधली होती. लेआउट पाडला तवा यायनंच बुजवली. सात दिवस टिप्पर चालले."

"पण आता तर काहीच नाही ना तिथं."

"पानी गेला," त्या म्हणाल्या. "मंग जागा कोठी जाते, बाई?"

मग त्यांनी सांगितलं की फाटक आहे तिथे तुडुम होता, शेतात पाणी सोडायचं भोक. बोडीला द्यायचं ते तुडुमापाशी, घ्यायचं ते तुडुमापाशी. पाळीच्या आत माणसाने आपलं काही ठेवू नये.

"ठेवला काय?"

मी मान खाली घातली. त्या पुन्हा मोहफुलं निवडू लागल्या आणि मी निघाले तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

बुधवारी अकराच्या सुमाराला उमेंद्र पातेलं घेऊन आला. तीन दिवसांची उपाशी होते, डोकं दुखत होतं. त्याने विचारलं, काय वहिनी, दत्तमहाराज काय म्हणून राहिले? भुरीचा काही निरोप?

आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज चढला.

"हौद तुम्ही नेला, उमेंद्रभाऊ. मी तीनदा नाही म्हटलं होतं. आता तो जागेवर आणा आणि भुरीलाही तुम्हीच आणा. काहीही करा."

तो दचकला. मग हसला. "आणतो ना. एवढं काऊन तापता? आपला शब्द आहे."

तो आत निघाला. मी फाटकात उभी होते.

कुत्र्यांच्या ओळीपर्यंत तो नेहमीसारखा चालला. ओळ ओलांडल्यावर त्याची चाल बदलली. जमीन सपाट आहे, मी सहा वर्षं झाडली आहे. पण उमेंद्र उतार उतरावा तसा टाचा रोवत चालत होता. मग पावलं जड झाली. मग त्याने दोन्ही हात कोपरापासून वर उचलून धरले.

करंजीजवळ तो थांबला. वाकला. कोणाचं तरी ऐकत असावा तसा कान खाली नेला.

त्याचे ओठ हलले. शब्द माझ्यापर्यंत आले नाहीत.

मग त्याने मान हलवली. हो म्हणून.

त्याने हौदाला एक हात लावला. चार माणसांनी ढकललेला तो हौद त्याच्या मागून पाण्यावरच्या डोंग्यासारखा आला, हलका, किंचित डुलत.

हौदाच्या मागे भुरी होती. मान वर काढलेली, नाकपुड्या फुललेल्या. ती पाय मारत होती. तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

ओळीपाशी आल्यावर ते टेकले.

उमेंद्र छातीपर्यंत भिजला होता. हौद त्याने फाटकाजवळ जुन्या जागी लावला आणि शर्टाचं टोक पिळलं. पाणी काळसर होतं. भुरीने अंग झाडलं, शिंतोडे माझ्या साडीवर उडाले. थंडगार.

"कशी आणली?" मी विचारलं.

"मांगितली. देल्ली."

"कोणी?"

तो करंजीकडे पाठ करून उभा होता, पण कान तिकडेच असल्यासारखी मान तिरपी होती.

"उद्या समिती येऊन जाऊ द्या, म्हटलं," तो म्हणाला. "तेवढी मुदत मांगून आलो."

"कसली मुदत?"

"जेवा तुम्ही आता, वहिनी. तीन दिवस झाले."

मी जेवले. हे लिहायला लाज वाटते, पण मी त्या दुपारी घरी जाऊन वरणभात जेवले, आणि मला बरं वाटलं.

गुरुवारी समिती आली. ईश्वरदासांनी दोनदा मोजलं. एकोणीस भरली, एकोणीसही कोरडी. बगीचा राहिला. दुर्गेश्वरीने गटावर फोटो टाकला आणि अकराही जणांनी हात जोडले. उमेंद्रने समितीला चहा पाजला, ईश्वरदासांच्या नव्या बुटांवरून त्यांना हसवलं. तो इतका नेहमीसारखा होता की आदल्या दिवशीचं मी उपासाच्या ग्लानीत पाहिलं असावं, असं मीही मनात धरलं.

लोक गेल्यावर त्याने मोबाईल आणि दुकानाच्या किल्ल्या दुर्गेश्वरीकडे दिल्या. घरी देऊन दे, म्हणाला, जाता जाता. तिने काही न विचारता पिशवीत टाकल्या आणि स्कूटी सुरू केली.

साडेचार वाजले होते. ऊन होतं. कुत्री उठली आणि जाऊन पाळीवर बसली.

मी पातेलं घासत होते. वळून पाहिलं तेव्हा उमेंद्र ओळीपाशी पोहोचला होता. मी हाक मारली. मोठ्याने मारली, असं मला वाटतं. भुरीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्याने पाहिलं नाही.

भुरी उठली आणि एक हातभर बाजूला सरकली.

त्याने चपला काढून नीट शेजारी शेजारी ठेवल्या. वाकून पँटचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत दुमडला. डावा दुमडायला हात लावला, आणि काहीतरी ध्यानात आल्यासारखा थांबला. मग त्याने उजवाही सोडून सरळ केला, आणि खाली उतरू लागला.