दोघांत एक जोड

पंखा बंद करा रे, आवाज करतो. आणि जरा जवळ सरका, मला आता मोठ्यानं बोलवत नाही. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या शेजारच्या गाळ्यात गाड्यांच्या सीटा शिवणारा बसायचा, त्याच्यावर गुदरलेली आहे. सगळे त्याला सीटवालाच म्हणत. दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. दुसरा शनिवार.

त्या संध्याकाळी तो वहिनींकडे गेला होता. वहिनी म्हणजे त्याच्या जिवलग मित्राची बायको. मित्र जाऊन पंधरा दिवस झाले होते. भेटायला येणाऱ्यांना कोचाची स्प्रिंग टोचायची, म्हणून वहिनींनी ह्याला बोलावलं.

"भाऊजी, माळ्यावर जुना फोम असेल बघा," त्या म्हणाल्या. "तुमच्या मित्रानं जन्मात काही टाकलं नाही. मलासुद्धा ठेवलंच ना!"

तो हसत शिडी चढला. फोमच्या मागं एक पत्र्याचा डबा होता. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले बूट. निळ्या कॅनव्हासचे, पळायचे. हातात घेताच त्यानं ओळखले.

आता मागचं सांगितलं पाहिजे. विसाव्या वर्षी ह्या दोघांत मिळून तो एकच जोड होता. मित्राला सगळे हरण म्हणायचे. एक दिवस हरणानं पळायचं, एक दिवस ह्यानं. हरणाचा पाय लहान, म्हणून तो पुढं कागदाचा बोळा घालायचा. ह्याची पाळी आली की बोळा बाहेर. एकदा दोन्ही तळ सुटले, तर ह्यानंच मेण लावलेल्या दोऱ्यानं दुहेरी टाका घालून शिवले. तेव्हा नुकता काम शिकत होता. पहाटे ते बूट चढवले की आपणही कोणीतरी आहोत असं वाटायचं, असं मला सांगायचा.

मग एका कारखान्यानं धावपटू घ्यायचं काढलं. जागा एक. दोन तुकड्यांत पळवणार, ज्याची वेळ सगळ्यांत कमी त्याला नोकरी. हरण पहिल्या तुकडीत, हा दुसऱ्या. ठरलं होतं की हरणानं पळून झाल्याबरोबर बूट आणून द्यायचे.

हरण पळाला. आणि थोड्या वेळानं अनवाणीच लंगडत आला. "तळ गेला रे! शेवटच्या वळणावर तुझी शिलाई उसवली. दिले फेकून."

सीटवाला तसाच अनवाणी पळाला, खडीवरून. पाऊण सेकंदानं नोकरी हुकली. ती हरणाला मिळाली.

तरी चाळीस वर्षं मैत्री टिकली. हरणाला त्यानं कधी बोल लावला नाही. बोल लावला तो स्वतःच्या हाताला. गिऱ्हाईक वैतागायचं, "अहो, एवढे टाके कशाला? सीट शिवताय की धरण बांधताय?" हा म्हणायचा, "एकदा उसवलंय, बाबा."

आणि आता माळ्यावर, मोबाइलच्या उजेडात, त्यानं बूट उलटे केले. तळ शाबूत. दुहेरी टाका जसाच्या तसा. आत कागदाचा बोळासुद्धा तसाच.

"सापडला का फोम?" खालून वहिनींनी विचारलं.

"सापडला," तो म्हणाला.

बूट पिशवीत घालून तो घरी आला. दुसऱ्या दिवशी जुन्या खेळाडूंनी हरणासाठी शोकसभा ठेवली होती, आणि पहिलं बोलायचं होतं ह्यानं. त्यानं ठरवून टाकलं. टेबलावर बूट ठेवायचे. उलटे. बाकी काही बोलायचं नाही.

बायकोनं बुटांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणाली, "मेलेल्याची अब्रू काढून काय मिळणार तुम्हाला? नोकरी?"

"माझा हात मिळेल परत," तो म्हणाला.

बूट उशाशी स्टुलावर ठेवून तो बाहेरच्या खोलीत आडवा झाला. दाराला आतून कडी. झोप कुठली येतेय?

दोन वाजून वीस मिनिटं. मोबाइलवर बघितली होती त्यानं वेळ.

गल्लीत कोणीतरी पळत होतं.

पावलं आली, दारावरून गेली. थोड्या वेळानं पुन्हा आली. मैदानाला फेऱ्या मारतात तशी. हलकी पावलं, टाच न टेकवणारी. तसा पळणारा त्यानं एकच पाहिला होता.

चौथ्या फेरीला पावलं दाराशी थांबली.

धाप. शर्यत संपल्यावर लागते तशी.

"हरणा?"

...

"का रे केलंस असं?"

...

"नोकरी हवी होती, तर मागायची होतीस. मी मुद्दाम मागं राहिलो असतो. तुला माहीत होतं ते."

धाप हळूहळू बसत गेली.

"एकदा चुकलं म्हण. नुसतं एवढंच. उद्या हे बूट कुणाला दिसणार नाहीत. शब्द देतो."

तो वाट बघत राहिला. खूप वेळ.

मग एक बारीक आवाज झाला. टक्.

दाराबाहेर नाही. खोलीत. उशाशी.

टक्... टक्...

मान वळवायची त्याची छाती झाली नाही. डोळे मिटले. कधीतरी आवाज थांबला. कधीतरी उजाडलं.

सकाळी त्यानं फोन करून मला घरी बोलावलं, तेव्हा दाराची कडी त्यानं माझ्यासाठी आतून काढली. म्हणजे रात्रभर ती लागलेलीच होती. बूट स्टुलावर होते. दोन्ही तळ खाली जमिनीवर, शेजारी शेजारी.

त्याची बायको चहा घेऊन आली. तिनं पहिल्यांदाच बुटांकडे नीट पाहिलं. "अहो," ती हळूच म्हणाली, "उसवलेलेच आहेत की हे. उगीच त्या बिचाऱ्याला..."

ती आत गेल्यावर त्यानं मला रात्रीचं सगळं सांगितलं.

मी म्हटलं, उंदीर असेल.

त्यानं जमिनीवरचा एक दोरा उचलून माझ्या हातात दिला. चाळीस वर्षांचा दोरा, टाक्याटाक्याला वाकलेला. मी बोटांतून सगळा ओढून पाहिला. कुठं कुरतडलेला नाही. कुठं कापलेला नाही. सलग होता. आणि टोकाला, जिथं मेणात घट्ट बसवलेली गाठ असते ना... तिथं ती सोडवलेली होती.